बाल्डरसाठी न रडलेली म्हातारी

आमच्या घरात ओडिन माझ्याआधी जेवायचा. मी सकाळी राय धान्याच्या पावाचे तुकडे बिअरमध्ये शिजवून टेबलावर आणावेत, तर टेबलभर त्या जुन्या देवाच्या गोष्टींचे कागद पसरलेले असायचे. कागदांच्या ढिगापलीकडून माझा भाऊ सेवेरीन म्हणायचा, "ताई, जरा थांब. ओडिन आत्ताच विहिरीपाशी पोचलाय." मग ओडिननं एक डोळा काढून द्यावा, शहाणपणाचं पाणी प्यावं, आणि तोवर आमची न्याहारी गारढोण व्हावी. माझ्या हातात असतं तर मी त्याचा दुसरा डोळाही काढला असता.

सेवेरीन आमच्या गावचा पाळक. त्याची बायको उल्रिका लग्नानंतर लवकरच गेली, तेव्हा मी त्याचं घर सांभाळायला डेन्मार्कातल्या जटलंडच्या या पश्चिम टोकाला आले. एक हिवाळा काढायचा म्हणून आले आणि इथलीच होऊन बसले. उल्रिका चर्चच्या दक्षिणेच्या भिंतीला लागून झोपली आहे. तिथे ऊन येतं, आणि गावातल्या भल्या घरच्यांना तिथेच जागा हवी असते. तिच्या शेजारची जागा सेवेरीननं स्वतःसाठी राखून ठेवली होती. रविवारची उपासना संपली की तो तिथे जाऊन थोडा वेळ उभा राहायचा.

उत्तरेकडची भिंत वेगळी. तिकडे सावली, ओल आणि शेवाळं. ज्यांनी जीव दिला, जे समुद्रातून वाहून आले आणि कोण ते कळलं नाही, आणि जी बाळं बाप्तिस्म्याआधीच गेली, ती सगळी तिकडे. त्यांना घंटा नाही, प्रार्थना नाही, पाळकाच्या हातची तीन फावडी माती नाही. दिवस कलला की बापानं काखेत पेटी घेऊन यावं, आपला आपण खड्डा खणावा आणि घरी जावं. हे असंच चालत आलेलं होतं, आणि खरं सांगायचं तर मीही त्यावर कधी डोकं चालवलं नव्हतं.

आता ओडिनचं सांगते. सेवेरीन कोपनहेगनला शिकत होता तेव्हा ओडिन, थॉर, बाल्डर या उत्तरेकडच्या जुन्या दैवतांच्या आइसलंडी पोथ्या त्याच्या डोक्यात शिरल्या. त्या काळी सगळ्याच पोरांच्या डोक्यात त्या शिरत होत्या. हा मित्रांबरोबर शिंगातून बिअर प्यायचा, थॉरच्या नावानं आरोळ्या ठोकायचा आणि कविता करायचा. दाढीही वाढवायला घेतली होती, ती काही नीट उगवली नाही. मग आमचे वडील वारले आणि याला अशी उपरती झाली की शिंग आणि कविता दोन्ही एकाच दिवशी चुलीत गेल्या. पुढची काही वर्षं आमच्या घरात थॉरचं नाव काढायची सोय नव्हती. मग तो पाळक होऊन इथे आला. इथे माळावर जिकडे बघावं तिकडे जुन्या लोकांची टेकाडं, आत त्यांचे सरदार पुरलेले. त्यांच्यामधून रोज येता-जाता ओडिन हळूच मागच्या दारानं घरात आला, आणि या खेपेला हातात बायबल घेऊन आला.

"देव काय फक्त यहुद्यांचाच होता का, ताई?" सेवेरीन म्हणायचा. "आपले पणजे-खापरपणजे इथे जन्मले, इथेच मेले. त्यांना त्यानं नुसतंच अंधारात ठेवलं असेल? यहुद्यांना त्यानं संदेष्टे दिले. आपल्या लोकांना स्वप्नं दिली."

"स्वप्नं? तो एकडोळ्या म्हणजे देवानं पाडलेलं स्वप्न?"

"एका डोळ्यानं अर्धंच दिसतं. पण दिसतं ना! आणि बाल्डर बघ. निष्पाप, सगळ्यांचा लाडका, आणि आंधळ्या भावाच्या हातून मारला जातो. मग जग जळतं, नवी हिरवी धरती वर येते, आणि तो परत येतो. हे त्यांना कोणी सांगितलं? तेव्हा इथे एक तरी पाळक होता का?"

यावर तो पुस्तक लिहीत होता. त्यात असं मांडलेलं होतं की उत्तरेच्या लोकांची जुनी दैवतं म्हणजे ख्रिस्ताची आधी पडलेली सावली, आणि त्या सावलीत प्रामाणिकपणे बसलेल्यांना देवानं टाकलं नाही. उन्हाळ्यात बिशपसाहेब आमच्याकडे तपासणीला यायचे होते. त्यांनी काही प्रकरणं आधीच मागवून वाचली होती आणि त्यांना ती फार आवडली होती. त्यांचा शब्द पडला की पुस्तक कोपनहेगनला छापलं जाणार होतं. सेवेरीनच्या आयुष्यात उल्रिकेनंतर हवंसं असं तेवढंच उरलं होतं.

आमच्याकडे हिवाळ्यात सगळे एका घरी जमून पायमोजे विणतात. बायाच नाही, बाप्येसुद्धा. त्या वर्षी ही मंडळी आमच्याच मोठ्या खोलीत जमायची, कारण सेवेरीन गोष्टी सांगायचा. थॉरनं बैलाचं मुंडकं गळाला लावून समुद्रातला साप कसा ओढला, हे ऐकताना सुया थांबायच्या. बाल्डरची गोष्ट तर त्याच्याकडूनच ऐकावी. बाल्डर मेल्यावर पाताळाची राणी म्हणते, जगातल्या झाडून साऱ्यांनी त्याच्यासाठी रडावं, मग सोडते. मग माणसं रडतात, गुरं रडतात, दगड आणि लोखंडसुद्धा रडतं. फक्त एका गुहेत एक म्हातारी बसलेली असते, ती म्हणते, मला त्याचं काय? आणि तिच्या एकटीपायी बाल्डर खालीच राहतो. इथे सेवेरीन थांबायचा आणि खोलीत सगळ्या बाया नाकं ओढायच्या.

आणखी एक गोष्ट तो सांगायचा. जुन्या लोकांत मूल जन्मलं की जमिनीवर ठेवायचे. बाप त्याला उचलून मांडीवर घ्यायचा, अंगावर पाणी शिंपडायचा आणि नाव ठेवायचा. मग ते मूल आपलं झालं, त्याला कोणी टाकू शकत नाही. "बघा," सेवेरीन म्हणायचा, "बाप्तिस्मा इथे पोचायच्या आधी त्याची सावली येऊन पोचली होती!"

आम्ब्रोस मास्तरांना हे खपायचं नाही. ते शाळेत पोरांना धडे द्यायचे, चर्चमध्ये गाणं म्हणायचे, आणि घंटेची दोरी त्यांच्या हवाली होती. काटकुळा, ताठ माणूस. "सावली, सावली," ते मला म्हणायचे. "पोरांना आधी मूळ वस्तू पाठ होत नाही, आबेलोनबाई, आणि तुमचे बंधू सावल्या वाटताहेत."

या मंडळीत माळावरचा लौस्ट कोपऱ्यात बसून विणायचा. दाराच्या चौकटीत मावणार नाही एवढा माणूस, पण लाजरा. लहानपणी धर्माचे धडे पाठ होईनात म्हणून मास्तरांनी त्याला एक वर्ष मागे ठेवला होता. तेव्हापासून धडा म्हटलं की त्याला घाम फुटायचा. गोष्ट मात्र एकदा ऐकली की शब्दाला शब्द लक्षात राहायची. त्याची बायको बोदिल पहिलटकरीण होती.

थंडी ऐन भरात असताना एका सकाळी लौस्ट आमच्या स्वयंपाकघरात आला. मास्तर रविवारची गाणी ठरवायला आलेले होते, सेवेरीन कॉफी पीत होता. लौस्टनं टोपी काढली आणि ती हातात चुरगाळत उभा राहिला.

"बाळ झालं," तो म्हणाला.

माझं तोंड हसायला उघडलं आणि तसंच राहिलं.

"लवकर झालं. निळं होतं. सुईण खाडीपलीकडे, आणि बर्फ असं की त्यात होडी जाईना आणि त्यावर पाय टिकेना. बोदिलला एकटी टाकून मी येऊ कसा? उजाडेपर्यंत होता. मग गेला."

सेवेरीन उठून त्याच्याजवळ गेला. "पाणी घातलंस ना रे, लौस्ट?"

"घातलं, पाळकसाहेब." त्याचा चेहरा तेवढ्यापुरता उजळला. "नावही ठेवलं. एस्किल. बोदिलच्या बापाचं."

"देवाची कृपा."

"शब्द कोणते म्हणालास?" मास्तरांनी विचारलं. मी त्यांच्याकडे रागानं पाहिलं. "माझ्याकडे असं बघू नका, बाई. अडीअडचणीला बापानं घरीच बाप्तिस्मा दिला तर हे विचारायचंच असतं. नियम काही मी केलेला नाही."

लौस्ट सांगायला लागला, आणि सांगताना त्याचे हातही तसेच हलत होते. "आधी जमिनीवर ठेवला. मग उचलून मांडीवर घेतला, म्हणजे माझा झाला. मग पाणी शिंपडलं आणि म्हणालो, तुझं नाव एस्किल, तू आमचा."

"पुढे?"

"पुढे काय?"

"पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावानं. ते म्हणालास का?"

लौस्टनं सेवेरीनकडे पाहिलं. "पाळकसाहेबांनी सांगितलं होतं तसंच केलं मी सगळं. त्यात ते नव्हतं."

चुलीवर दूध उतू गेलं, मी ते उतरवलंही नाही. मास्तर आवाज न चढवता म्हणाले, "मग बाप्तिस्मा झाला नाही." ते काही खूश होऊन म्हणाले नाहीत, हे मला कबूल करायला हवं. सेवेरीन पांढराफटक पडला होता. त्यानं लौस्टच्या दंडावर हात ठेवला आणि एवढंच म्हणाला, "घरी जा. बोदिलजवळ बस. मी उद्या येतो."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं माळावर गेलो. आमच्याकडे बाळंतिणीला शेजारणी गोड लापशी करून नेतात, लोण्याचा गोळा घालून. बाळ गेल्यावर न्यावी की नाही याची काही रीत मला ठाऊक नव्हती. मी केली. बाई बाळंत झाली होती ना, मग तिला लापशी मिळायला हवी.

बोदिल अंथरुणात बसली होती. चर्चमध्ये तिच्यासाठी प्रार्थना होईपर्यंत बाळंतिणीनं घराबाहेर पडायचं नाही, त्यामुळे काही झालं तरी पुरायला तिला जाता येणार नव्हतं. पेटाऱ्यावर पिठाची एक लहान लाकडी पेटी होती आणि तिच्यावर धुतलेला रुमाल. लौस्ट तिच्याजवळ उभा होता, कुत्रं राखणीला उभं राहतं तसा.

सेवेरीन हळुवारपणे बोलला. त्याला येत होतं तेवढं हळुवार. सावली आणि शरीर यांतला फरक त्यानं सांगितला. जुन्या लोकांना ठाऊक नव्हतं म्हणून देवानं त्यांची सावली गोड मानून घेतली, पण ज्याला ठाऊक आहे त्याची गोष्ट वेगळी, असं म्हणाला. देव दयाळू आहे, असंही म्हणाला. बोदिल डोळ्यांची पापणी न हलवता ऐकत होती.

"म्हणजे उत्तरेची भिंत," ती म्हणाली.

"देव भिंत बघत नाही, बोदिल."

"मग तुम्ही का बघता?"



"तिकडे नको," बोदिल म्हणाली. "चोरासारखं संध्याकाळी नेऊन टाकायला नको. तुम्हीच सांगितलंत ना, टेकाडातल्या लोकांना देवानं टाकलं नाही म्हणून? मग माझ्या पोराला त्यांच्यात ठेवा. लौस्ट खणेल. ते तरी त्याला आपला म्हणतील. बापानं मांडीवर घेतलेला आहे तो."

"टेकाडात?" सेवेरीन म्हणाला. "नाही. तिथे नाही."

"का नाही?"

सेवेरीननं पेटीवरच्या रुमालाचा कोपरा सरळ केला. बोदिल भिंतीकडे तोंड करून पडली. लापशीचं भांडं मी तिच्या उशापाशी ठेवलं. बाहेर पडताना लौस्ट आम्हाला म्हणाला, "रागावू नका तिच्यावर." मला त्या क्षणी राग तिचा नव्हे, माझ्या भावाचा आला होता.

परतीची वाट मोठ्या टेकाडाजवळून जाते. तिथे सेवेरीन थांबला. गवत गोठून पांढरं झालेलं, वर दोन कावळे.

"ताई, तिनं टेकाड म्हटलं आणि माझ्या अंगावर काटा आला," तो म्हणाला. "इतकी वर्षं मी लिहितोय की ही माणसं देवाच्या हातात आहेत. आणि एक पोर त्यांच्यात ठेवायचं म्हटलं तर मला ते सहन होईना."

"म्हणजे तुझा तुझ्या पुस्तकावर विश्वास नाही."

"आहे!"

"मग ठेव पोराला इथे."

"नाही ठेववत."

"मग नाही विश्वास. उगाच थंडीत कशाला उभं करतोस मला?"

तो बुटानं बर्फ उकरत राहिला. "मेलेल्या सरदारांना स्वर्गात बसवणं सोपं असतं. ते दारात टोपी काढून उभे राहत नाहीत," तो म्हणाला, आणि लगेच पाळकाच्या आवाजात पुढे सुरू झाला. "पण आम्ब्रोसचं चुकत नाहीये. लौस्ट अंधारात नव्हता. त्याच्यासाठी दिवस उजाडलेला आहे. खरे शब्द त्याला शिकवलेले होते."

"शिकवलेले होते, छडी हातात घेऊन. आणि तुझे शब्द त्यानं उबेला बसून, पायमोजा विणताना ऐकले. अडीअडचणीला माणसाला कोणते आठवतील? त्याला उजेडातून उठवून अंधारात कोण घेऊन गेलं, सेवेरीन? तूच ना, कंदील हातात घेऊन? आता म्हणतोस, अंधार माझा नव्हे."

"मी सावली असा शब्द वापरला होता. दर वेळी."

"वापरलास रे. आणि तिच्याबद्दल असं काही बोललास की त्याला वाटलं, एवढी पुरे."

तो चालायला लागला. मी मागून त्याच्या पाठीशीच बोलले. मला राग आवरत नव्हता आणि आवरायचाही नव्हता.

"सगळ्यांनी रडायचं होतं. दगडसुद्धा रडले. एकच कोणी तरी रडलं नाही तुझ्या गोष्टीत. नियमानं बघितलं तर तिचंही काही चुकलं नव्हतं. बाल्डर तिचा कोणी लागत नव्हता. पण तिच्यापायी तो खाली राहिला."

सेवेरीन वळला. त्याच्या भुवयांवर बर्फ साचलं होतं. "ती म्हातारी मी, असं म्हणतेस?"

"मी कशाला म्हणू? गोष्ट तुझी आहे."

 त्या रात्री तो जेवला नाही, आणि ओडिनचे कागद टेबलावर होते तसे पडून राहिले.

एस्किलला आम्ही भर दुपारी पुरलं. लौस्ट पेटी छातीशी धरून फाटकातून आला आणि सवयीनं उत्तरेकडे वळला. सेवेरीन पूर्ण पोशाखात होता, काळा झगा आणि गळ्याभोवती पांढरी चुणीदार पट्टी. त्यानं लौस्टला दंडाला धरून दक्षिणेकडे नेलं आणि उल्रिकेच्या शेजारी बोट दाखवलं. "इथे खण."

"पाळकसाहेब, ही तर तुमची—"

"माझी आहे म्हणूनच देता येते. खण."

मास्तर मनोऱ्याच्या दारात हाताची घडी घालून उभे होते. "घंटेची दोरी माझ्या हवाली आहे," ते म्हणाले. "बाप्तिस्मा न झालेल्यासाठी मी ती ओढणार नाही. आणि बिशपसाहेबांनी विचारलं तर खरं ते सांगणार. हे तुम्हाला तोंडावर सांगून ठेवतो."

"बरोबर आहे तुमचं, मास्तर," सेवेरीन म्हणाला. "तुम्ही नका ओढू."

मग मी गेले. मास्तरांना हातानं बाजूला केलं, आणि ते झालेही. घंटा वाजवणं हे बायकांचं काम नाही आणि मला ते येतही नव्हतं. कधी ती लगोलग वाजायची, कधी मध्येच रेंगाळायची. माळावर बोदिलनं ती ऐकली. नंतर ती म्हणाली, कोणी तरी भांडण काढल्यासारखी वाजत होती.

थांबून बाहेर आले तेव्हा सेवेरीन बोलत होता. ऐकायला आम्ही तिघंच होतो, पण तो भरल्या चर्चसमोर बोलावं तसा बोलत होता. "या बापानं जे केलं ते त्याच्या पाळकाकडून ऐकून केलं. त्यात कमी राहिली असेल तर ती माझी. ती मी या मुलाच्या माथी मारणार नाही. हा माझ्या जागेत झोपेल, आणि शेवटच्या दिवशी या जागेला हाक आली की उत्तर मी देईन." मग त्यानं तीन फावडी माती घातली. मातीतून तू आलास, मातीला मिळशील, आणि मातीतूनच पुन्हा उठशील. तिसऱ्या फावड्याला त्याचा बांध फुटला आणि तो हमसून रडला. लौस्टनं त्याला सावरलं.

उन्हाळ्यात बिशपसाहेब आले. गुबगुबीत, हसतमुख, खारवलेल्या वाम माशांवर प्रेम करणारा माणूस. बाल्डरचं प्रकरण वाचताना डोळ्यांत पाणी आलं, असं त्यांनी जेवताना सांगितलं. मास्तरांनी आपल्या शब्दाप्रमाणे सगळं सांगितलेलं होतं. मी ताटं उचलत असताना बिशपसाहेबांनी रुमालानं तोंड पुसलं.

"ओडिन दिवाणखान्यात शोभतो, पाळकसाहेब. त्याला बाप्तिस्म्याच्या पाण्यापाशी नेऊ नये," ते म्हणाले. "दोन लहान गोष्टी करा. पुस्तकातलं ते जुन्या लोकांच्या पाण्याचं प्रकरण काढून टाका. आणि ते मूल गाजावाजा न करता उत्तरेला हलवा. मी स्वतःच्या हातानं पुस्तक कोपनहेगनला पाठवतो."

"प्रकरण काढतो," सेवेरीन म्हणाला. "ते चुकीचंच आहे. त्यात मी असं लिहिलंय की जुनी माणसं त्यांच्या पाण्यानं तरली. पाण्यानं नाही, बिशपसाहेब. देवाला त्यांच्यासाठी रडू आलं म्हणून तरली असतील. आपणही तसेच."

"हे आपल्या शिकवणीत नीट बसत नाही."

"मलाही तशी शंका आहे."

"आणि मूल?"

"मूल हलणार नाही."

बिशपसाहेबांनी रुमालाची घडी घातली. "मग मी या पुस्तकाखाली माझं नाव कसं घालू? लोक म्हणतील, वाचून असं घडतं."

"असंच घडलं," सेवेरीन म्हणाला. "नका घालू."

माणूस वाईट नव्हता. मुलाला त्यांनी तसंच राहू दिलं, त्या बाजूला फिरकलेच नाहीत. पुस्तक मात्र परत आमच्या टेबलावर आलं आणि तिथून माळ्यावर गेलं. त्या दिवशी सेवेरीन संध्याकाळपर्यंत बागेत नुसता बसून होता. मी त्याच्यासमोर कॉफी ठेवली आणि म्हणाले, "मी उगाच बोलले का रे तुला?" त्यानं नाही म्हणून मान हलवली. पण त्याला फार लागलं होतं, ते मला दिसत होतं.

गोष्टी त्यानं बंद केल्या नाहीत. फक्त त्या पाण्याच्या गोष्टीशी आला की सगळ्यांना सुया खाली ठेवायला लावायचा आणि बाप्तिस्म्याचे शब्द मोठ्यानं म्हणून घ्यायचा. लौस्टचा आवाज सगळ्यांच्या वर असायचा. पुढे त्याला मुलगी झाली. या खेपेला सुईण आधीपासून घरात आणून ठेवलेली होती. बाप्तिस्म्याच्या दिवशी चर्चच्या दाराशी लौस्टनं पोरीला क्षणभर फरशीवर ठेवलं, उचललं आणि बाकावर बसून मांडीवर घेतलं. आत सेवेरीन पाण्यापाशी ताटकळत उभा होता. मास्तर खाकरले, तर त्यानं त्यांना हातानं थांबवलं.

काही वर्षांनी सेवेरीनच्या छातीत सर्दी बसली आणि ती उतरलीच नाही. मी त्याला विचारलं, तुला कुठे ठेवायचं? उल्रिकेच्या पलीकडे भिंतीलगत थोडी जागा निघते का, असं माझ्या मनात होतं.

"उत्तरेला," तो म्हणाला.

"वेडा आहेस का? तिथे मे महिन्यातसुद्धा बर्फ राहतं."

"तिथे एवढी पोरं आहेत, ताई. त्यांच्यात एक तरी पाळक असू दे."

मी त्याच्यावर ओरडले आणि मग त्याचे पाय चोळत बसले.

उत्तरेच्या भिंतीशी खड्डा लौस्टनं खणला. शेजारच्या गावचा पाळक आला, त्यानं आपलं काम नीट केलं. बोदिल पोरीला हाताशी धरून उभी होती. घंटा आम्ब्रोस मास्तर वाजवत होते. तीन फावडी माती पडली, गाणं संपलं, लोकांनी टोप्या घातल्या, तरी घंटा वाजतच होती. पाहुणा पाळक मनोऱ्याकडे बघायला लागला. माणसं चुळबुळ करायला लागली. मास्तर तेव्हा चांगलेच थकलेले होते, मला वाटलं, त्यांना काही कळेनासं झालं असेल. म्हणून मी मनोऱ्यात गेले.

ते घामानं निथळत होते.

"मास्तर, पुरे झालं," मी म्हणाले. "माती पडली."

"पाळकसाहेबांची केव्हाच झाली," मास्तर म्हणाले. त्यांनी दोरी सोडली नाही. "आता बाकीच्यांची चाललीय."

"कोणाची?"

"तिथल्या पोरांची. मी कधी वाजवलीच नव्हती."

मी दोरीचं खालचं टोक धरलं आणि त्यांच्याबरोबर ओढलं.